कूपर क्रीकच्या तळावरील पाव

परदेशी निघालेल्या जैन कुटुंबाच्या सामानात कपड्यांपेक्षा डब्यांचे वजन अधिक भरते. खाखरे, ठेपले, सुका नाश्ता, कोरड्या चटण्या, मुखवास अशी ती शिदोरी असते. मुला-नातवंडांना भेटण्यासाठी ऑस्ट्रेलियास जाणाऱ्या आजी-आजोबांना प्रत्येक खाद्यपदार्थाची नोंद विमानतळावरील प्रपत्रात करावी लागते. तूप, दुधाची मिठाई आणि बियाणे यांवर तेथील तपासनीसांची करडी नजर असते. तरीही मेलबर्न-सिडनीसारख्या शहरांत फारशी अडचण येत नाही. डाळ, तांदूळ, कणीक सर्व काही मिळते. खरा प्रश्न उभा राहतो तो नातवंडांच्या आग्रहाने तंबू घेऊन देशाच्या अंतर्भागात जायचे ठरते तेव्हा. तेथे शेकडो किलोमीटर दुकान नसते. चौथ्या दिवशी खाखऱ्यांचा डबा तळ गाठतो आणि सूर्य मात्र रोजच्या वेळीच मावळतो.

अशा प्रवासातील एक ठिकाण म्हणजे कूपर क्रीक. ‘क्रीक’ म्हटले की मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे खाडी येते. परंतु समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेली ही एक लहरी नदी आहे. पाऊस झाला तर ती मैलोन्‌मैल पसरते, एरवी सुटे डोह मागे ठेवून वाळूत लुप्त होते. क्वचित एखाद्या वर्षी तिचे पाणी आयर सरोवरापर्यंत पोहोचते. १८४५ मध्ये चार्ल्स स्टर्ट या संशोधकाने तिला दक्षिण ऑस्ट्रेलियाचे न्यायाधीश चार्ल्स कूपर यांचे नाव दिले. काठावरील इनामिंका ही मोजक्या घरांची वस्ती. ॲडलेडहून तेथवरचे अंतर हजार किलोमीटरहून अधिक असून लिंडहर्स्टनंतर स्ट्रझेलेकी ट्रॅक नावाचा वाळवंटी मार्ग लागतो. आजूबाजूला तांबडी वाळू आणि दगडगोटे असले, तरी डोहांच्या काठी मात्र निलगिरीच्या कुळातील उंच वृक्ष, पांढऱ्या काकाकुव्यांचे थवे आणि संथ पाण्यावर तरंगणारे पाणकोळी दिसतात. येथे मुक्काम करावयाचा तो मे ते ऑगस्ट या थंडीच्या महिन्यांत. उन्हाळ्यातील उष्मा जीवघेणा असतो आणि त्या काळात उघड्यावर विस्तव पेटवण्यासही बंदी असते.

या काठावर मुक्काम करणारे प्रवासी सायंकाळी जो पाव भाजतात त्याला ‘डॅम्पर’ म्हणतात. गुराखी, मेंढपाळ आणि कामाच्या शोधात पायी भटकणारे मजूर यांचे हे अन्न. मालकाकडून मिळणाऱ्या शिध्यात पीठ, साखर, चहा आणि खारवलेले मांस असे. त्यांतील पीठ घ्यायचे, मीठ घालायचे, पाण्यात कालवायचे आणि तो गोळा सरळ चुलीच्या फुफाट्यात पुरायचा, एवढीच मूळ कृती. खमीर नाही, भट्टी नाही, तासन्‌तास तिंबणे नाही. पुढे त्यात खाण्याचा सोडा आला. १८४५ मध्ये ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स या बेकरीवाल्याने सोडा व आम्ल आधीच मिसळलेल्या, आपोआप फुगणाऱ्या पिठाचे पेटंट घेतले. जहाजावरील खलाशांना कडक बिस्किटांऐवजी ताजा पाव मिळावा, हा त्याचा हेतू होता. बंदरापासून दूर असलेल्या खलाशाची आणि गावापासून दूर असलेल्या गुराख्याची गरज एकच होती. आज ऑस्ट्रेलियातील बहुतेक घरांत डॅम्परसाठी असेच पीठ वापरतात.

विदर्भातील रोडगे, खानदेशातील बट्टी आणि मारवाडातील बाटी ज्यांच्या घरात होते, त्यांना हा पाव परका वाटत नाही. घरापासून दूर, शेतात किंवा वाटेवर, निखाऱ्यांच्या भरवशावर पीठ शिजवायचे ही युक्ती दोन्हीकडे आपापल्या परीने सुचलेली आहे.

परंतु कूपर क्रीकच्या काठी हा पाव केवळ भूक भागवण्याचा विषय राहत नाही. अन्नाविषयीच्या मोठ्या शोकांतिकेची ही भूमी आहे आणि तिच्या आरंभीच्या पानावर एका हिंदी माणसाचे नाव आहे.

२० ऑगस्ट १८६० रोजी मेलबर्नच्या रॉयल पार्कमधून एक मोहीम निघाली. दक्षिण किनाऱ्यापासून उत्तरेच्या आखातापर्यंत खंड ओलांडायचा, असा बेत होता. नेतृत्व रॉबर्ट ओ’हारा बर्क या आयरिश पोलीस अधिकाऱ्याकडे होते. विल्यम जॉन विल्स हा तरुण मोजणीदार होता. निरोपासाठी हजारो लोक जमले होते. सामान सुमारे २० टन भरले. त्यात जेवणाचे टेबल आणि खुर्च्या होत्या, इतकेच नव्हे तर उंटांना पाजण्यासाठी म्हणून ६० गॅलन रमसुद्धा होती. हे उंट जॉर्ज लँडेल्स याने हिंदुस्थानातून खरेदी करून आणले होते आणि त्यांच्याबरोबर काही उंटवालेही आले होते.

त्या उंटवाल्यांत समला नावाचा एक हिंदू होता. तळावरील जेवण गोमांसाचे. ते त्याच्या धर्मात बसणारे नव्हते. मोहीम सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते, तोच तो केवळ पाव आणि पाणी यांवर राहू लागला. अखेर त्याने लँडेल्सकडे मुक्तता मागितली. मोहिमेतील चित्रकार व निसर्ग-अभ्यासक लुडविग बेकर याने हा प्रसंग आपल्या टिपणांत नोंदवून ठेवला आहे. वेतन हाती पडल्यावर समलाने भूमीला स्पर्श करून बोटे कपाळी लावली, लँडेल्सना व जवळ उभ्या असलेल्यांना आशीर्वाद दिला आणि अश्रूभरल्या डोळ्यांनी तो परत फिरला. परक्या देशात, जेथे त्याची भाषा जाणणारे फारसे कोणी नव्हते, तेथे त्याने नोकरी सोडली, पण नियम सोडला नाही. पुढे त्याचे काय झाले याविषयी मोहिमेच्या प्रचलित इतिहासात काही आढळत नाही. मात्र ज्या मोहिमेतून तो बाहेर पडला, तिच्यातील सात जणांना प्राण गमवावे लागले. त्याचा प्रसंग लिहून ठेवणारा बेकरही त्यांत होता.

मोहिमेचा मुख्य तळ कूपर क्रीकच्या काठी पडला. १६ डिसेंबर १८६० रोजी बर्क, विल्स, जॉन किंग आणि चार्ल्स ग्रे असे चौघे उत्तरेकडे निघाले. तळ विल्यम ब्राहे याच्या हाती सोपवला आणि तीन महिने वाट पाहण्यास सांगितले. ब्राहेने चार महिन्यांहून अधिक वाट पाहिली. अखेर २१ एप्रिल १८६१ च्या सकाळी, उरलेल्या शिध्यातील काही भाग एका कुलिबा वृक्षाखाली पुरून आणि खोडावर ‘खणा’ अशी खूण कोरून, त्याने तळ हलवला. त्याच दिवशी सायंकाळी बर्क, विल्स आणि किंग तेथे परतले. ग्रे वाटेत मरण पावला होता आणि त्याला पुरण्यात त्यांचा एक दिवस गेला होता. चार महिन्यांच्या प्रतीक्षेनंतर चुकामूक झाली ती अवघ्या काही तासांची.

वृक्षाखाली पीठ, ओटचे पीठ, साखर, तांदूळ व सुके मांस होते. तिघांनी ते उकरून घेतले, खड्डा पूर्ववत बुजवला आणि ते दक्षिण ऑस्ट्रेलियातील माउंट होपलेसच्या दिशेने निघाले. खड्ड्यात त्यांनी चिठ्ठी पुरली, परंतु वृक्षावर नवी खूण केली नाही. ८ मे रोजी ब्राहे एका सोबत्यासह तळावर परत आला. खड्डा जसाच्या तसा, खूण जुनीच. म्हणजे कोणीही आलेले नाही, असे समजून तो निघून गेला. हिशेबाच्या वहीत रक्कम उचलल्याची नोंद करावयाची राहिली, आणि त्या एका राहिलेल्या ओळीची किंमत दोन माणसांनी चुकवली. तो वृक्ष आजही उभा आहे. क्वीन्सलँडच्या हद्दीतील हा ‘डिग ट्री’ पाहण्यासाठी इनामिंकाहून गाडीने जाता येते.

तिघांचे दक्षिणेकडे जाणे फसले. एक उंट चिखलात रुतला. ‘राजा’ नावाचा दुसरा खचला. पुढे पाणी नव्हते, म्हणून पुन्हा क्रीककडे वळावे लागले. पीठ संपत आले. त्या काठावर यांद्रुवांधा या मूळ रहिवाशांची वस्ती होती. त्यांनी या परक्यांना मासे दिले आणि नार्डूच्या पोळ्याही दिल्या. नार्डू ही पाणथळ जागी उगवणारी, चार पानांची नेचावर्गीय वनस्पती. तिची भावंडे आपल्याकडील भातखाचरांतही दिसतात. तिच्या कठीण, बियांसारख्या कोशांचे पीठ करून त्या पोळ्या भाजलेल्या असत. प्रारंभी हे साहाय्य घेतले गेले. परंतु पुढे एका तंट्यात बर्कने बंदूक उडवून त्या लोकांना पळवून लावले. मग तिघे स्वतःच नार्डू गोळा करून कुटू लागले.

ते दिवसेंदिवस पोटभर खात होते आणि दिवसेंदिवस क्षीण होत होते. विल्सच्या रोजनिशीत हे कोडे शेवटपर्यंत दिसते. पुढील काळातील अभ्यासकांनी त्याचे उत्तर दिले. कच्च्या नार्डूत थायमिनेज नावाचा घटक असतो. तो शरीरातील ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतो आणि त्यातून बेरीबेरीसारखा विकार जडतो. यांद्रुवांधांच्या पद्धतीत भाजणे, दगडावर दळणे, भरपूर पाण्यात कालवणे असे टप्पे होते आणि त्यांमुळे हा दोष कमी होत असे. भुकेल्या प्रवाशांनी वस्तू उचलली, पण तिचा विधी विचारून घेतला नाही. जून १८६१ च्या अखेरीस विल्स आणि बर्क दोघेही या काठावर मरण पावले.

किंग वाचला. आयर्लंडचा हा तरुण पूर्वी हिंदुस्थानात सैनिक होता आणि लँडेल्सबरोबरच आलेला होता. एकटा उरल्यावर तो यांद्रुवांधांच्या वस्तीत गेला. त्यांच्यातील एका स्त्रीच्या हातावरील जखम त्याने ऊन पाण्याने धुऊन तिची शुश्रूषा केली. त्यांनी त्याला आपल्यात ठेवून घेतले, आपल्या हातचे अन्न दिले. सप्टेंबरमध्ये आल्फ्रेड हॉविटच्या शोधपथकाला तो जिवंत सापडला. २० टन सामानाने जे साधले नाही, ते एका जखमेची काळजी घेण्याने साधले.

हा इतिहास ठाऊक असलेल्या प्रवाशाच्या हातून या काठावर पीठ कालवताना थोडी अधिक काळजी घेतली जाते. जैन प्रवाशाला तर ‘अन्न काय आहे’ याबरोबर ‘ते कसे सिद्ध झाले’ हा प्रश्न नवा नाही. पाणी गाळणे, पीठ चाळणे, सरपण न्याहाळणे या गोष्टी लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या असतात. त्या येथे जशाच्या तशा उपयोगी येतात.

अलीकडे ‘न तिंबता’ केलेल्या पावाची एक निराळी पद्धतही लोकप्रिय झाली आहे. न्यूयॉर्कचे बेकरीवाले जिम लेही यांची ती कृती २००६ मध्ये तेथील वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाली. पीठ, पाणी, मीठ आणि चिमूटभर यीस्ट सैल कालवून सुमारे १८ तास झाकून ठेवायचे. तिंबण्याचे काम वेळ करतो. मग झाकणाच्या तापलेल्या भांड्यात भाजायचे. तंबूत राहणारे हौशी लोक हीच कृती निखाऱ्यांवर करतात. पाव उत्तम होतो यात शंका नाही. परंतु रात्रभर आंबवलेले पीठ आणि यीस्ट ही दोन्ही अनेक जैन घरांत वर्ज्य मानली जातात. डॅम्परमध्ये ती अडचण येत नाही. सोडा व आम्ल ओले होताच त्यांच्यातून वायू निघतो आणि पीठ फुगते. ही केवळ रासायनिक क्रिया आहे. तीत रात्र मध्ये येत नाही.

कृती साधी आहे. तीन कप मैदा किंवा चाळलेली कणीक, सहा लहान चमचे बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा मीठ एकत्र करायचे. दोन मोठे चमचे लोणी किंवा तूप बोटांनी चोळून पीठ रव्यासारखे करायचे. मग सुमारे सव्वा कप दूध किंवा पाणी बेताबेताने घालून सुरीने कालवायचे. हात लावायचा तो केवळ गोळा जमवण्यापुरता. पोळीच्या कणकेप्रमाणे येथे तिंबत बसले तर पिठातील चिवटपणा वाढतो, वायू निघून जातो आणि पाव दगडासारखा होतो. सुगरण सुनांना ही गोष्ट प्रारंभी पटत नाही. पहिला डॅम्पर हमखास कडक होतो, दुसऱ्या दिवशी हात आपोआप आवरला जातो. गोळ्यावर सुरीने फुलीसारखी चीर द्यायची. बिडाचे झाकणदार भांडे आधी तापवून, पीठ भुरभुरून, त्यात गोळा ठेवायचा. ज्वाळांवर नव्हे, निखाऱ्यांवर भाजायचे. खाली थोडे निखारे आणि झाकणावर अधिक. ३० ते ४० मिनिटांनी पाव बाहेर काढून तळाशी बोटाने टकटक करावी. पोकळ आवाज आला की तो आतपर्यंत भाजला गेला असे समजावे. त्याच्याबरोबर तेथील लोक उसाच्या साखरेचा सोनेरी पाक खातात. तो मध नव्हे, त्यामुळे त्याला हरकत नाही. भांडे मात्र आपले स्वतःचे न्यावे. तळावरील सामायिक भांड्यांत मांस शिजलेले असते.

सर्वांत मोठी शिस्त आहे ती घड्याळाची. जूनमध्ये या काठावर सूर्य साडेपाचच्या आत मावळतो. म्हणून सगळे गणित उलट्या क्रमाने मांडावे लागते. पाच वाजता जेवण आटोपायचे, तर साडेचारला पाव निखाऱ्यांतून निघाला पाहिजे. म्हणजे तो चारला दहा मिनिटे कमी असताना आत गेला पाहिजे. आणि निखारे तयार होण्यास तासभर लागतो, म्हणजे विस्तव पावणेतीनच्या सुमारास पेटला पाहिजे. सूर्यास्तापूर्वी दोन घटका भोजन आटोपण्याचा ज्यांचा नियम असेल, त्यांनी हे सर्व पाऊण तास अलीकडे न्यावे. म्हणजे प्रवास सकाळीच उरकून दुपारी दोनपर्यंत मुक्कामी पोहोचणे आले. वाळवंटी मार्गावर अनुभवी वाहनचालकही हाच सल्ला देतात. कारण अंधारात कांगारू आणि गुरे रस्त्यावर येतात. चौविहाराचा नियम आणि मार्गाचा नियम येथे एकच वेळ सांगतात.

लाकडाबाबतही जयणा हवी. पडलेल्या जुन्या ओंडक्यांत पाली, किडे, मुंग्या यांची घरे असतात. अनेक संरक्षित क्षेत्रांत असे लाकूड गोळा करण्यास मनाईही आहे. म्हणून कोळसा किंवा स्वच्छ फोडलेले लाकूड गावातूनच बरोबर घ्यावे आणि पेटवण्यापूर्वी प्रत्येक ढलपी झटकून पाहावी. आधीच्या मुक्कामकऱ्यांनी केलेल्या विस्तवाच्या जागीच विस्तव करावा. काम झाल्यावर तो पाण्याने पुरता विझवावा. नुसती वाळू लोटली तर आतील निखारे कित्येक तास धुमसत राहतात आणि त्यावर पाय पडून मुले भाजतात.

साडेचारच्या सुमारास झाकण उघडले जाते, तेव्हा भाजलेल्या गव्हाचा वास डोहापर्यंत जातो. पाव तोडताना त्याचे काप होत नाहीत, तुकडेच होतात. एक तुकडा आजीच्या ताटलीत, एक नातवाच्या हातात, एक शेजारच्या तंबूतील अनोळखी प्रवाशासाठी. तो प्रवासी बहुधा आपल्या भांड्यातील काही देऊ करतो; ते नम्रपणे नाकारावे लागते आणि कारणही सांगावे लागते. याच मोहिमेतील एका माणसाला, १८६० मध्ये, तेच कारण सांगून एकट्याने परत फिरावे लागले होते. आज ते ऐकून शेजारी मान डोलावतो, पाण्याची बाटली पुढे करतो आणि पावाची कृती विचारतो. पाच वाजता ताटल्या धुऊन होतात. डोहावर ऊन अजून थोडे शिल्लक असते.